रंजनाताईने एक नंबर मागितला

माझी ताई कोणाला माफ करत नाही. आमच्या लिंबायतच्या गल्लीत अनुसया मावशीने एकदा तिच्या वाळत घातलेल्या ओढणीवर मुद्दाम पाणी टाकलं होतं, तेव्हा ताई सातवीत होती. त्यानंतर ती त्या मावशीशी थेट बारावीच्या निकालाला बोलली. बोलली म्हणजे काय, पेढा दिला आणि म्हणाली, "तुमच्या दिनेशचं काय झालं?" दिनेश नापास झाला होता आणि तिला ते माहीत होतं.

आता ती चोवीस वर्षांची आहे आणि एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. ते लोक डेटाबेस बनवतात. आत हजारो नंबर ओळीने पानांवर लिहिलेले असतात आणि वर एक पान असतं, त्यावर फक्त कोणतं पान कोणत्या नंबरापासून सुरू होतं ते लिहिलेलं. याला ते झाड म्हणतात. पान भरलं की त्याची दोन होतात. नंबर पुसत गेलं आणि एखादं पान रिकामं व्हायला लागलं की ते शेजारच्याकडून नंबर उसना घेतं, नाहीतर दोन्ही पानं एक होतात. ही सगळी हलवाहलव करायचा कोड तिचे सीनियर भूपेंद्रभाई यांनी लिहिलाय, आणि ती बरोबर होते का ते बघायचं काम ताईचं.

तर झालं असं की ताईला एकदा एक नंबर सापडेना. होता, पण सापडेना. तिने लगेच तक्रार टाकली. चूक तिचीही होती, तिने नंबर कसेही पुसले होते आणि कोणत्या क्रमाने पुसले ते लिहूनच ठेवलं नव्हतं. भूपेंद्रभाईंनी चालवून बघितलं, त्यांच्याकडे काहीच झालं नाही. मग मीटिंगमध्ये अकरा लोकांसमोर म्हणाले, "रंजनाबेन, ये टेस्ट है कि साडी की घडी? जिधर मन किया उधर मोड दिया?"

सगळे हसले. आमचे वडील, आबा, पर्वत पाटियाच्या एका गोडाऊनमध्ये साड्यांची घडी करतात, ते त्यांना माहीत होतं. ताईचा राहिलेला डबा द्यायला आबा एकदा ऑफिसात गेले होते ना.

तक्रार बंद. वर त्यांनी तिच्या फॉर्मवर लिहिलं, घाईने खोट्या तक्रारी करते. प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते आणि त्या फॉर्मवरच नोकरी पक्की होणार होती. ताई घरी येऊन रडली नाही. भाकरी मात्र अशी थापत होती की आई म्हणाली, "परात फोडशी का वं?"

मला विचाराल तर मी भूपेंद्रभाईंच्या स्कूटरची हवा काढली असती. ताई आठवडाभर झाडच हलवत बसली. भूपेंद्रभाई शेवटी नंबर मोजून बघायचे, मोजदाद बरोबर आली की खूश. तिचीही मोजदाद बरोबरच यायची. मग नंबर जातो कुठे?

बुधवारी आबा जेवताना त्यांच्या नव्या मजुरावर चिडले होते. गोडाऊनमध्ये घोडे असतात, म्हणजे माल ठेवायचे लोखंडी रॅक, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चिठ्ठी, कोणत्या डिझाईन नंबरापासून माल आहे त्याची. एक घोडा रिकामा दिसला म्हणून त्या मजुराने शेजारच्यावरच्या साड्या तिथे सरकवल्या. आबा म्हणाले, "माल हालना, पन चिठ्ठी जुनीच राहिनी. मोजा तं पुरा, मांगा तं नई." म्हणजे माल हलला पण चिठ्ठी तीच, त्यामुळे मोजला तर पूर्ण, मागितला तर मिळत नाही.

ताईचा घास हातातच राहिला. जेवण सोडून लॅपटॉप उघडला. मुद्दाम डावं पान भरलेलं ठेवलं, उजवं रिकामं करत आणलं, म्हणजे उजव्याला डाव्याकडून उसना घ्यावाच लागेल. नंबर सरकला. वरच्या पानावरची नोंद जुनीच राहिली. अडतीस ओळींची टेस्ट, दर वेळी तीच चूक. तिने ती कोणालाच सांगितली नाही.

सोमवारी भूपेंद्रभाई सगळ्यांना कोड दाखवत होते. मालक शालिग्राम सर पण बसले होते. ते म्हणाले, "कोणाला काही विचारायचंय?"

ताई म्हणाली, "माझी फाईल चालवा. मग फक्त एक नंबर शोधा, चारशे बारा."

भूपेंद्रभाईंनी हसत हसत चालवली. सापडला नाही. परत शोधला. मोजले तर पूर्ण हजार.

"बधा तो छे," ते म्हणाले, म्हणजे सगळे तर आहेत.

"आहेत ना. शेजारच्या पानात बसलाय. तुमच्याच कोडने नेऊन बसवलाय, आणि वर कळवलं नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. शालिग्राम सरांनी विचारलं, "हे तुला कधी सापडलं?"

"बुधवारी."

"मग आज का सांगतेस?"

"त्यांनी पण मला सगळ्यांसमोरच सांगितलं होतं सर."

सरांना ते आवडलं नाही, तसं ते बोललेही. पण फॉर्मवरची ती ओळ त्यांनी भूपेंद्रभाईंनाच खोडायला लावली, सही करून. आणि ठरवलं की हा कोड आता रंजनाने पास म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही.

भूपेंद्रभाईंनी शुक्रवारी दुरुस्त करून दिला. रविवारी त्यांच्या मेहुणीचा साखरपुडा होता भावनगरला, आणि पास आल्याशिवाय सर त्यांना सोडणार नव्हते. दहा हजार नंबर पुरले असते. ताईने पन्नास लाख टाकले. शनिवारी दुपारी ती घरी लॅपटॉपसमोर बसून अक्षरशः वाट बघत होती की फुटावं. फुटलं नाही. सगळं हिरवं, म्हणजे पास.

मी म्हटलं, "फेल लिही ना. कोणाला कळणारे?"

"हिरवं आलंय तर लाल कसं लिहू?" तिने पास लिहिलं. पण मेल पाठवला नाही, सोमवारी सकाळी दहाची वेळ लावून ठेवली.

तेवढ्यात भूपेंद्रभाईंचा फोन आला. मग परत आला.

"ताई, साखरपुडा आहे त्यांच्याकडे."

"माहितीये."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने फोन उलटा ठेवला आणि मला म्हणाली, "लसूण सोल."