श्रीपतीची आई नोव्हायला आली तेव्हा

मी गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. पुन्हा करून बघता येत नाही अशी गोष्ट आमच्या रिपोर्टमध्ये जात नाही. त्यामुळे या सदरातले न उलगडणारे अनुभव मी आजवर चहाबरोबर, गंमत म्हणून वाचत आले... आणि आता स्वतःच लिहायला बसले आहे. अमोल, माझा नवरा, म्हणाला, "खरंच पाठवणार आहेस? लोक हसतील." हसू देत.

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो — मी, अमोल आणि आमची नऊ वर्षांची ईरा. मागच्या हिवाळ्यात आई गेली आणि पुण्याचं घर बंद करून मी बाबांना इकडे घेऊन आले. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तब्येतीची तशी तक्रार नव्हती, पण बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. खिडकीशी बसून शेजाऱ्यांचं बर्फ उपसणं बघत बसायचे. फेब्रुवारीत एकदा म्हणाले, "मला परत पाठव. इथं माझं कुणी नाही." मी समोरच उभी होते... आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आता थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. बाबांची आजी एका संस्थानच्या महाराजांची नाटकशाळा होती. म्हणजे महालात ठेवलेली, लग्नाची नसलेली बाई. अशा बायकांच्या मुलांना लेकावळे म्हणत. माझे आजोबा, श्रीपती, हे असे लेकावळे. राजवाड्याच्या मागे वेगळं घर, खर्चाला तनखा, राजपुत्रांबरोबर घोड्यावर बसायला शिकायचं... पण पंगत वेगळी. गादी नाही, आडनावही नाही. संस्थान विलीन झाल्यावर आजोबांनी गाव सोडलं, नवं आडनाव घेतलं आणि त्या विषयावर घरात कायमचा पडदा टाकला. मला हे सगळं माझ्या लग्नाच्या वेळी आत्याने हळूच सांगितलं. बाबांनी कधीच नाही. त्या आजीचं नाव तर बाबांनाही माहीत नव्हतं. पितृपक्षात तिच्या वाटचं पाणी सोडताना ते थांबायचे. मग गुरुजी म्हणायचे, "नदीचं नाव घ्या, चालतं." बाबा दर वर्षी "कृष्णा" म्हणायचे.

तर तो फेब्रुवारीतलाच शनिवार. बाहेर मरणाची थंडी. इथे अशा दिवसांत म्हातारी माणसं चालायला मॉलमध्ये जातात. दुकानं उघडायच्या आधीपासून आत हिंडता येतं. मी बाबांना आणि ईराला घेऊन गेले. दोन फेऱ्या मारून बाबा एका बाकावर बसले. ईरा जवळच्या खेळण्यांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी, मी कॉफीच्या रांगेत. वळून बघते तर बाबांच्या शेजारी एक म्हातारी बाई. हिरवं नऊवारी, नाकात नथ, केसांचा घट्ट अंबाडा. अंगात कोट नाही, स्वेटरसुद्धा नाही. मला वाटलं, कुणाकडे तरी आलेल्या आजी असतील. आणि पोरांचा रागच आला — असं कसं आणतात यार म्हाताऱ्या माणसाला या थंडीत?

मी कॉफी घेऊन पोचले तेव्हा त्या बोलत होत्या आणि बाबा त्यांच्याकडे एकटक बघत होते.

"ही तुझी लेक?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो. मीनल."

"बस गं," त्या मला म्हणाल्या, "उभ्यानं ऐकू नये."

मी बसले. का कुणास ठाऊक, त्यांना काहीच विचारावंसं वाटलं नाही. त्या शांतपणे, कालचीच गोष्ट असल्यासारखं सांगत होत्या.

"दसऱ्याच्या दरबारात आमच्या पोरांना जागा असायची. खालच्या पायरीवर. पण वडिलांना आबा म्हणायचं नाही. सरकार म्हणायचं. मी घोकून घेतलं होतं माझ्या लेकाकडून. तरी ऐन दरबारात हा उठला आणि म्हणाला, 'आबा, मला दिसत नाही.' सरकारांनी काय करावं? हसले. त्याला उचललं आणि मांडीवर घेतलं. सगळा दरबार मांडीवर बसून बघितला माझ्या लेकानं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय... दुसऱ्या वर्षीपासून आमच्या पोरांना बोलावणं नाही. राणीसाहेबांची मर्जी. तो मला म्हणाला, 'आई, माझ्यामुळं झालं.' तेच मनात धरून बसला जन्मभर. तुम्हाला काही सांगितलं नाही त्यानं, ते त्यामुळं. लाज नव्हती ती. आपण तोंड उघडलं की आपल्या माणसांचं नुकसान होतं, असं बसलं होतं त्याच्या मनात." त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू नको तसा बसू. बोलत जा."

बाबा त्यांच्याकडे वळले. "तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"मंजुळा. तिथं कुणी घ्यायचं नाही. मागच्या महालातली म्हणायचे."

मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि "येते" म्हणून खेळण्यांच्या दुकानाच्या पलीकडे वळल्या. त्यांना गाडीतून सोडावं हे मला तेव्हा सुचलं. त्याआधीच ईरा आपले हातमोजे काढून "आजी, वेट" म्हणत त्यांच्या मागे धावली होती. लगेच परत आली.

"मॉम, तिकडे कोणीच नाहीये. इट्स जस्ट अ वॉल."

मी जाऊन बघितलं. छोटासा बोळ, एका बंद दुकानाचं ओढलेलं शटर आणि भिंत. दुसरं दार नाही.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "ती आली आणि म्हणाली, सरक जरा. मग म्हणाली, तू श्रीपतीचा धाकटा ना?" पट्टा लावता लावता म्हणाले, "मीनल, मला भूक लागलीय."

घरी आल्याबरोबर मी कराडला आत्याला फोन लावला. तिकडे ती झोपायच्या तयारीत होती. मी फक्त दरबाराची गोष्ट सांगितली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तू आधी सांग, खरं आहे का?"

"दादांनी, तुझ्या आजोबांनी, जायच्या आधी मला एकटीला सांगितलं होतं. भावाला सांगू नको म्हणाले, त्याच्या नोकरीत आड येईल, पोरांच्या सोयरिकीत आड येईल. तुझ्या लग्नात तुला वरवरचं सांगितलं तेवढंच, बाकी मी कुणाला बोलले नाही गं. तुझ्या आतोबांनासुद्धा नाही."

"आजीचं नाव सांगितलं होतं?"

"मंजुळा," आत्या म्हणाली आणि रडायला लागली.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. दोघं भावंडं किती वेळ बोलली मला माहीत नाही. मी आत जाऊन पिठलं-भात केला. बाबांनी दोनदा भात घेतला.

मी गप्प बसले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, मॉलमध्ये चौकशी केली, देवळात ओळखीच्यांना वर्णन सांगितलं. अशी कुणी आजी कुणाकडे आलेली नव्हती. अमोलचं म्हणणं, त्या संस्थानच्या जुन्या नोकरमाणसांपैकी कुणाची तरी वंशज असेल, ऐकीव गोष्टी सांगत असेल. असेलही. पण बाबांना तिने कसं ओळखलं? आणि ती गेली कुठून?

या पितृपक्षात बाबांनी आमच्या किचनच्या सिंकपाशी उभं राहून मंजुळा हे नाव घेतलं. मोठ्याने, दोनदा. ईराने विचारलं, "सो आर वी रॉयल?" बाबा म्हणाले, "नाही गं. आपण मंजुळाबाईचे." परत जायचं त्यांनी त्यानंतर काढलेलं नाही.

आता दर रविवारी सकाळी आत्याचा व्हिडिओ कॉल असतो. आजोबांच्या तोंडून कधी काय निसटलं होतं, ते दोघं आठवून आठवून जुळवतात. मध्येच भांडतात. ईरा टेबलावर कोपर टेकून ऐकते आणि न कळलेला शब्द लगेच विचारते. परवा आत्या म्हणाली, दादांचा लहानपणचा घोडा काळा होता. बाबा म्हणाले, छे, तांबडा. ईरा म्हणाली, "आजोबा, लेट हर फिनिश."

काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही. मी बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते कपात साखर ढवळत होते. म्हणाले, "थंडीत आली होती बिचारी. पुढच्या वेळी आली तर तिला आधी चहा दे."