मितवल्लीचं वळण

शिट्टी ऐकू आली की गल्लीतल्या माणसांनी एकच करायचं: काहीही करायचं नाही. चालणाऱ्यानं चालत राहायचं, बसलेल्यानं बसून राहायचं. कैरोतल्या सय्यिदा झैनब मशिदीच्या मागच्या त्या गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा हे शिकल्या होत्या, असं अतवा इस्त्रीवाला शपथेवर सांगायचा. आता अतवाच्या शपथेचं काय घेऊन बसलात! पण एवढं खरं की सगळे आपापल्या चालीनं चालत राहिले, की भट्टीवरचा अम्म मितवल्ली, म्हणजे मितवल्लीकाका, सायकलवर बसून एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं डोक्यावरची लांबलचक लाकडी जाळी आणि जाळीवर दोनशे गरम रोट्या घेऊन माणसांमधून सुईत दोरा ओवावा तसा निघून जायचा.

सव्वीस वर्षांत तो दोनदाच पडला. एकदा ईदचा बोकड सुटला तेव्हा, आणि एकदा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या खेपेचं कारण तो सांगत नसे. बायको इनशिराह मात्र हसत असे.

या रमजाननंतर काहीतरी बिघडलं. सकाळी कूस बदलली की छत गरागरा फिरायचं. डावीकडे मान वळवली की भिंती धावायला लागायच्या. मितवल्ली पलंगाची कड धरून बसायचा आणि इनशिराहला सांगायचा, चप्पल शोधतोय. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं: सायकल सोडा. आणि सायकल सोडली की मग मितवल्ली म्हणजे कोण? अक्षरओळख नसलेला बावन्न वर्षांचा माणूस, एवढाच.

शेवटी तो दुसऱ्या मजल्यावरच्या उस्ताज वगीहकडे गेला. वगीह शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि घरी शिकवणीच्या पोरांना तोल कसा सांभाळतात याचं उदाहरण म्हणून गच्चीवरून हाच मितवल्ली दाखवायचा.

"उस्ताज, माझ्या एका मित्राला चक्कर येते," मितवल्ली म्हणाला.

"मित्र सायकल चालवतो का?"

"...चालवतो."

"डोक्यावर रोट्या?"

"तुम्ही चेष्टा करणार असाल तर मी जातो."

वगीहनं त्याला बसवलं, फळ्यावर बाण काढला. "हे बघ अम्म मितवल्ली. आपल्या कानाच्या आत पाणी असतं. त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. आगगाडी एकसारखी धावते तेव्हा तू झोपतोस की नाही? स्टेशन आलं की जागा होतोस. तुझं... तुझ्या मित्राचं ते पाणी बिनसलंय. बदल झाला की ते बोंब मारतं."

"मग मी चाल बदललीच नाही तर?"

"चाल तीच ठेवलीस तरी कोपऱ्यावर वळतोस ना? दिशा वळली की वेग बदललाच. चाल म्हणजे किती जोरात. वेग म्हणजे किती जोरात आणि कुठे." त्यानं बाणाला कोपऱ्यावर वाकवलं. "अन् ऐक, डॉक्टरकडे जा."

मितवल्लीनं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं घेतलं. त्यानं रस्ताच बदलला. जुन्या वाटेवर सात वळणं होती. आता तो कसाईआळीतून दुप्पट लांबून यायचा, पण सरळ. वळण उरलं एकच, अतवाच्या दुकानाचं. तिथं तो चाळीस पावलं आधीपासून वेग कमी करत आणायचा, मान ताठ ठेवायचा, अन् दात आवळून वळायचा. पाच आठवडे एकही रोटी पडली नाही.

पण अतवाला डोळे होते, आणि डोळ्यांपेक्षा मोठी जीभ होती.

"काय रे मितवल्ली, कसाईआळीतून रोज? दुसरी केलीस की काय तिकडे?"

"हो. तिला इस्त्रीवाले आवडत नाहीत."

हा विनोद दुपारपर्यंत बातमी झाला आणि संध्याकाळी इनशिराहच्या हातात लाटणं झाला. लाटण्यापुढे मितवल्लीनं सगळं कबूल केलं. ती आधी रडली, मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या सकाळी, नवऱ्याची अब्रू वाचवायची म्हणून, तिनं फक्त एकाच माणसाला खरं सांगितलं. अतवाला!

मग काय. गल्लीचं काळीज लोण्याचं. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली अन् सगळी गल्ली उठून उभी राहिली. भाजीवाली टोपली उचलून डावीकडे पळाली, तिथून परत उजवीकडे. दोघं तिघं हात पसरून त्याला झेलायला पुढे आले. "सांभाळून, अम्म मितवल्ली!" "इकडून, इकडून!" कोण कुठे जाणार याचा त्याला अंदाजच लागेना. ऐन कोपऱ्यावर अतवा वाटेतली खुर्ची बाजूला ओढायला आडवा आला आणि मितवल्लीनं करकचून ब्रेक दाबला.

सायकल थांबली. रोट्या थांबल्या नाहीत; होत्या त्याच दिशेनं सरळ पुढे गेल्या. मितवल्ली मात्र जमिनीवर हात टेकून, कैरो फिरायचं थांबण्याची वाट बघत बसला. लोक एकेक रोटी उचलून, ओठांना अन् कपाळाला लावून जाळीवर ठेवत होते. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

भट्टीचा मालक मुअल्लिम झनाती वाईट माणूस नव्हता. "गुरुवारी माझ्यासमोर एकदा ते वळण घेऊन दाखव," तो म्हणाला. "घेतलंस तर सायकल तुझी. नाहीतर गल्ल्यावर बस, इज्जतीनं."

इनशिराह दारोदार फिरली. "हात जोडते. उद्या कुणी काही करू नका. नेहमीसारखे चाला."

गुरुवारी मितवल्ली गल्लीच्या तोंडाशी आला, डोक्यावर भरलेली जाळी. शिट्टी घातली. गल्ली नेहमीसारखी वागायला लागली, आणि तिथंच सगळं फसलं. भाजीवाली एकच काकडी पुनःपुन्हा पुसत होती. दोन म्हातारे चालत होते, पण श्वास धरून, पाऊल मोजून. वगीह गच्चीवर पाठ करून उभा होता. अतवा इस्त्री कपड्यावर तशीच टेकवून, तोंड उघडं टाकून, कोपऱ्याकडे बघत होता. यांतलं कोण कधी उडी मारेल, सांगता येत नव्हतं.

वळण पन्नास पावलांवर होतं. चक्कर आलेली नव्हती. मितवल्ली हळूहळू, कुणाला कळूही नये असा, वेग कमी करत आला. आणि कोपऱ्याच्या अलीकडेच उतरला. जाळीतली एकही रोटी हलली नाही. जाळी डोक्यावर तशीच ठेवून त्यानं सायकलचं हँडल झनातीच्या हातात दिलं.

"वळलास तरी असतास," झनाती हळूच म्हणाला.

"मी वळलो असतो, मुअल्लिम. यांनी नसतं वळू दिलं."

मग त्यानं मान ताठ ठेवूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला:

"अतवा, लेका, शर्ट जळतोय!"