एका गालाची हळद

माझं लग्न साठ सालानंतरचं. नवी मुंबई तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आमचं करावे गाव होतं, खाडी होती, भाताची शेतं होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर कोणी घड्याळ बघत नसे, पण धवलारीण नसेल तर लग्नच लागत नसे. तेल लावायचं, हळद लावायची, प्रत्येक विधीचं तिचं ठरलेलं गाणं. ते म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

आमच्या धवलारणीला सगळं गाव आत्या म्हणे.

नवऱ्याच्या अंगाला लागून उरलेली हळद घेऊन त्याच्याकडची माणसं दुपारी होडीनं आली. बरोबर त्याचे मामा, पनवेलकडच्या एका शाळेतले मास्तर. हेच मास्तर आदल्या दोन उन्हाळ्यांत आत्याच्या अंगणात बसून, तिच्याच भाकऱ्या खात, तिची गाणी वहीत उतरवून गेले होते. आता त्यांनी त्याचं पुस्तक छापलं होतं. वर टोपी घातलेला स्वतःचा फोटो.

आत्यानं हळदीचं गाणं धरलं. माझ्या एका गालाला हळद लागली आणि मास्तर उठले.

"थांबा! हे गाणं माझ्या पुस्तकात पान बारावर आहे. माझ्या परवानगीशिवाय म्हणता यायचं नाही. मागे छापलंय, सर्व हक्क स्वाधीन. कोर्टात जाईन!"

 कोर्ट म्हटलं की आमच्याकडे भल्याभल्यांची बोबडी वळे. मला तर रडू कोसळायचंच बाकी होतं. एक गाल पिवळा, एक कोरा, अशा अर्ध्या नवरीला नेणार कोण? असा संताप आला की हळदीची वाटी मास्तरांच्या डोक्यावर पालथी करावी. पण नवरीनं मान वर करायची नसते.

आत्या मात्र शांत. "पुस्तकान नाय ता गाऊ ना?"

"ते खुशाल गा."

"मामा उतरला बंदरावरी गो, बूट रुतला चिखलाभितरी गो..."

व्याह्यांकडच्यांना गाण्यातून चिडवायचं आणि त्यांनी रागवायचं नाही, ही हळदीची रीतच. मास्तरांचा एक बूट होडीतून उतरताना खरंच चिखलात गेला होता. त्यांनी भराभर पानं उलटली. आत्यानं थांबून विचारलं, "हाय का?" मास्तरांना "नाही" म्हणावं लागलं. मग पुढचं. अंगणात हाणलेल्या भाकऱ्यांचं झालं, मिशीच्या कलपाचं झालं, आणि दर वेळी मास्तर पानं चाळून "नाही" म्हणत राहिले. बायका हसून लोळत होत्या. माझा गाल मात्र कोराच, कारण चेष्टेच्या गाण्यावर हळद लावत नाहीत.

शेवटी माझे सासरे कावले. "मास्तर, पानी उतरतंय. होरी चिखलान रुतली तं तुमीच ढकला!"

मास्तर मटकन खाली बसले. "म्हणा बाई, पुस्तकातलंच म्हणा. परवानगी आहे."

"तोंडी नको. तुजा कायदा लिवलेला हाय, तं परवानगीबी लिव."

मास्तरांनी पुस्तकाच्या पाठीवर लिहिलं. आत्याला अक्षरओळख नव्हती. तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं, कारण तिथे जमलेल्या बायकांत सातवी झालेली मीच. मी मोठ्यानं वाचलं, "सदर बाईंस गाण्याची परवानगी आहे."

"सदर बाई म्हंजे कोन? माजा नाव कुठं हाय?"

मी प्रस्तावना बघितली, आतली पानं बघितली, शेवटचं पान बघितलं. कुठेच नव्हतं. मग मात्र मला राहवलं नाही. मास्तरांचं पेन घेतलं आणि मुखपृष्ठावर, त्यांच्या नावाच्या वर, आत्याचं नाव लिहिलं. मास्तर खाडीकडे बघत राहिले.

आत्यानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, तीन अक्षरांवरून बोट फिरवलं. जन्मात पहिल्यांदा ती आपलं नाव बघत होती.

"माजा नाव येवराच?" ती म्हणाली, आणि माझ्या दुसऱ्या गालाचं गाणं धरलं.