खळ्यावर पायताण

वसईच्या पाचूबंदरला बर्थाशी वाद घालायला सहसा कुणी जात नाही. लिलावात तिने एखाद्या टोपलीवर हात ठेवला की भाव वाढवणारा आपणहून मागे सरतो. तिचा नवरा गॉडफ्रे भर समुद्रात वाऱ्याला तोंड देईल, पण घरात बायकोने "नाय" म्हटलं की मुकाट्याने बाहेरच्या बाकावर जाऊन बसेल. अशी ही बाई स्वतःच्या पायांपुढे मात्र हात टेकायच्या बेताला आली होती, आणि हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

साखरेचं दुखणं तिला बरीच वर्षं आहे. गोळ्या घेते, पथ्य जमेल तसं पाळते, म्हणजे नाताळात आणि लग्नाच्या पंगतीत पाळत नाही. त्या साखरेने हळूहळू तिच्या तळव्यांतली जाणीवच काढून घेतली. उन्हात धक्क्यावरचा कोबा तापला की बाकीच्या बायका टुणटुण उड्या मारत सावली गाठायच्या आणि बर्था डोक्यावर पाटी घेऊन रमतगमत जायची. "बर्थाचे पाय लोखंडाचे," असं लोक कौतुकाने म्हणायचे. तिलाही ते ऐकून बरं वाटायचं. ज्या पायांना चटका कळत नाही ते पाय धड नाहीत, हा विचार तिने बरेच दिवस उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

तो आत आला तिच्या थोरल्या भावामुळे. ग्लेनलाही तेच दुखणं. त्याच्या टाचेला जखम झाली ती त्याला कळलीच नाही. कळली तेव्हा त्याने हळद चेपली, कुणीसा सांगितलेला पाला बांधला, आणि मासळी जोरात लागत होती म्हणून डॉक्टरला पुढच्या आठवड्यावर ढकललं. पुढचा आठवडा काही येईना. शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. इस्पितळातून त्याला घरी आणलं त्या दिवशी बर्था त्याच्या खाटेशी उभी होती. चादरीखाली जिथे पावलाचा उंचवटा दिसायला हवा तिथे चादर सपाट होती. आपल्या चादरीखाली हे होऊ द्यायचं नाही, एवढं तिने तिथेच ठरवलं.

ग्लेन आता रबरी पाय लावून चालतो. बोटीवर जाणं सुटलं. सकाळी जाळी सांधतो आणि दुपारपर्यंत बहिणीच्या खळ्यावर कावळेकुत्री हाकलत फिरतो. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. उभ्या-आडव्या बांबूंच्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले असतात आणि खाली झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर जवळा, करंदी, मांदेली पसरलेली असते. बर्था आणि तिची शेजारीण सत्यवती यांचं खळं एकच. एक देवळात जाते, दुसरी चर्चमध्ये, पण दोघींचे बोंबील एकाच उन्हात सुकतात. सत्यवतीचा आवाज असा की ती खळ्यावर बोलली तर धक्क्यावरचे लोक मान वळवून बघतात.

पावसाळा संपून बोटी पुन्हा जायला लागल्या त्या सुमारास बर्था तिच्या नेहमीच्या तपासणीला वसईतल्या इस्पितळात गेली होती. तिथे काम करणाऱ्या ज्ञानदा नावाच्या मुलीने तिला गाठलं. बोळिंजला राहणारी, चष्मा लावणारी, बोलायला गोड पण कामात कडक. साखरेने पाय बधिर झालेल्यांसाठी एक नवीन पायताण निघालं होतं आणि त्याची चाचणी या इस्पितळात चालू होणार होती.

"आंटी, आधीच सांगते," ज्ञानदा म्हणाली, "याचा उपयोग होतो की नाही, हे आम्हालाच अजून माहीत नाही. तेच बघायचंय."

बर्थाने तिच्याकडे निरखून पाहिलं. 'ताजे आहेत का गं' असं गिऱ्हाइकाने विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणणारी कोळीण तिने जन्मात पाहिली नव्हती. मुलगी खरं बोलणारी दिसत होती.

पायताण काळं, जाडजूड, मागून पट्ट्याचं. तळात बारीक यंत्रं बसवलेली. पायाच्या एखाद्या जागी फार वेळ दाब पडला की सोबत दिलेला मनगटावरचा पट्टा थरथरणार, मग लगेच बसायचं आणि पाय तपासायचा. मात्र पायताण घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचेच पट्टे थरथरणार होते. उरलेल्यांना अगदी तसंच पायताण मिळणार, पण त्यांचा पट्टा कायम गप्प. दोन्ही गटांत कुणाला किती जखमा होतात ते ताडून बघायचं, आणि कुणाला कुठलं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवणार.

"म्हंजे मना मुकं मिलालं तर?" बर्थाने विचारलं.

"मिळू शकतं."

"नि पट्टा गप रायला, तर पाय बरा म्हनून गप का जन्माचाच मुका, ते कसं कलायचं?"

"नाही कळणार," ज्ञानदा म्हणाली. "आम्हालाही नाही. म्हणून रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे. आणि आंटी, यात जबरदस्ती नाही. नको वाटलं तर कधीही सोडा, तुमचे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत."

बर्थाने सगळं पुन्हा एकदा समजावून घेतलं, घरी जाऊन विचार केला, म्हणजे ग्लेनच्या दाराशी पडलेल्या रिकाम्या बुटाकडे बघत थोडा वेळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली.

बंदरावर हसायचं ते लोक हसलेच. "बर्था फौजेत भरती झाली," असं तरुण पोरं म्हणाली. ती पायताण घालून लिलावाला गेली, बाजारात बसली, रविवारी चर्चमध्ये मिसाला गेली आणि कम्युनियन घ्यायच्या रांगेतही ते करकर वाजवत पुढे सरकली. पाद्रींनी एकदा खाली पाहिलं आणि मग पाहिलं नाही. पट्टा मात्र एकदाही थरथरला नाही. बर्था मनगट कानाशी नेऊन बघायची. "मुकंच दिसतंय मेलं," असं म्हणायची आणि तरीही दुसऱ्या दिवशी पायताणाचे पट्टे आवळायची. एकदा घेतलेलं काम अर्ध्यावर टाकायची तिची रीत नव्हती.

पुढच्या तपासणीला ज्ञानदाने तिचं उजवं पाऊल दिव्याखाली घेतलं आणि तिचा चेहरा बदलला. टाचेच्या कडेला काळा ठिपका होता, भोवती लाल झालं होतं. बर्थाने तो आरशात पाहिला होता. डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला, तिला वाटलं मळ असेल. डॉक्टरांनी चिमट्याने ओढलं तेव्हा शिंगाळा माशाचा मोडका काटा बाहेर आला आणि मागोमाग पू.

"अजून काही दिवस राहिला असता तर हाडापर्यंत गेला असता," डॉक्टर म्हणाले. ग्लेनच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी जवळजवळ हेच वाक्य उच्चारलं होतं, फक्त तेव्हा 'असता' नव्हतं. बर्था घाबरली. आणि ती घाबरली की तिला राग येतो, तसा तो आला.

"एवडं जाड पायतान घालून काटा आत गेलाच कसा? पट्टा मुका तर मुका, तल तरी धड नको?"

ज्ञानदाने पायताण संगणकाला जोडलं. ते केव्हा पायात होतं आणि केव्हा नव्हतं, हेही त्यात उमटत असे. लिलावाच्या वेळी पायात, संध्याकाळी पायात. पण सकाळी ऊन चढल्यापासून पार दुपार कलेपर्यंत, रोजच्या रोज, काही नाही.

"आंटी, या वेळात चपला कुठे असतात?"

"पायात," बर्था ठासून म्हणाली. आणि मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

त्या वेळात ती खळ्यावर असते. आणि खळ्यावर कुणी पायताण घालत नाही. जे जमिनीवर पसरलंय ते कुणाच्या तरी ताटात जायचंय, त्याच्या मधून चपला घालून फिरायचं नाही, हे बर्थाला आईने शिकवलं होतं आणि सत्यवतीला तिच्या आईने. लहानपणी एकदा विसरली तेव्हा आईने सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला होता. त्यानंतर खळ्याच्या कडेला पाय आपोआप चपलेतून बाहेर यायचे. 'दिवसभर घालते' असं ती ज्ञानदाला सांगत होती ते अगदी खऱ्या मनाने. आपण काढतो हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"सगळ्यात जास्त तुम्ही तिथेच चालता," ज्ञानदा हळू आवाजात म्हणाली. "जे आहे ते मी लिहिते. पण तिथे घालणं जमणारच नसेल तर सांगा. आपण थांबू. मी रागावणार नाही."

"थांबायचं असतं तर आलेच नसते," बर्था म्हणाली.

जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी तिला घरी बसवलं. तिचे बोंबील तेवढे दिवस सत्यवतीने टांगले, आणि टांगताना बर्थाच्या नावाने जो उद्धार केला तो सगळ्या बंदराने ऐकला. पाय टेकायची परवानगी मिळाली त्या सकाळी बर्था पायताण घालून खळ्याशी आली आणि कडेला उभी राहिली. डाव्या पायाने सवयीने पट्ट्याशी चाळा सुरू केला. तिने तो दाबून धरला. खरं सांगायचं तर तिला लाज वाटत होती. आई असती तर आजही धपाटा बसला असता. तिने डोळे मिटून क्रुसाची खूण केली आणि पाऊल आत टाकलं.

"बर्थे!"

धक्क्यावरच्या माना वळल्या. सत्यवती हातातला बोंबील तसाच धरून उभी होती.

"डोलं फुटलं का? पायतान काड!"

"नाय काडनार."

"मासली खातात ती लोकं! तुझी आय बघते वरून!"

"बघू दे. काटा गेला तवा ती पन बघत होती नि मना कललं नाय."

बाकीच्या बायका हातातली कामं टाकून गोळा झाल्या. एकजण म्हणाली, मोजे घाल. दुसरी म्हणाली, दुसरं कोणतरी माणूस लाव. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि बर्था त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती पलीकडे. वलांडीवर कावळा बसला होता आणि ग्लेन काठी उगारत जवळ्याच्या दोन वाफ्यांमधून त्याच्या दिशेने निघाला होता.

"सत्ये, दादाचा उजवा पाय कसला गो?"

सत्यवतीला प्रश्न कळेना. "कसला म्हंजे? रबराचा."

"नि हे?" बर्थाने पायताण पुढे केलं.

"ते पन रबरच. पन..."

"त्याचं रबर रोज खल्यावर फिरतं. कोन काय बोललं कदी?"

"अगो, तो त्याचा पाय हाय!"

"हां," बर्था म्हणाली. तिचा आवाज आता वाढलेला नव्हता. "म्हंजे माझा पाय कापला की मग तुमी मना रबर घालून आत घ्याल. कापायच्या आदी नाय."

ग्लेन होता तिथेच थांबला होता. कावळ्याने तेवढ्यात एक बोंबील लांबवला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सत्यवतीने हातातला बोंबील टांगला. पिंपाशी गेली, फडकं भिजवून पिळलं, येऊन बर्थाच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "उचल पाय." दोन्ही पायताणांचे तळ तिने घासून पुसले, पट्टे पुसले, कडा पुसल्या. मग गुडघ्यावर हात टेकत उठली.

"ये आत. पन जवल्यावर पाय दिलास तर डॉक्टरच्या आदी मीच तोडीन."

त्या दिवसापासून हाच शिरस्ता पडला. कडेला ओलं फडकं टांगलेलं असतं, बर्था पायताण पुसते आणि आत येते. काम आटपलं की ती वलांडीच्या सावलीत बसते, आणि मोतीबिंदू आरशाला दाद देत नाही म्हणून सत्यवती तिची पावलं स्वतःच्या मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते. चाचणी अजून चालू आहे. पट्टा अजून एकदाही थरथरलेला नाही.

"बोललं का गो तुझं यंत्र?" परवा सत्यवतीने तिची टाच उजेडाकडे वळवत विचारलं.

"नाय. मुकंच वाटतं."

"असू दे मुकं," सत्यवती म्हणाली, तेही अशा आवाजात की धक्क्यावरच्या माना वळल्या. "मी हाय ना बोलायला."