लहानीची बोटं

“हिचं रक्त घेऊ नका,” मी म्हणाले.

ज्योतीनं बोट पुढं केलं होतं. समोरच्या ताईच्या हातात सुई होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात, शवघराला लागून असलेल्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. आत दोन बायका होत्या, त्यांची ओळख पटत नव्हती. त्यातली एक माझी जाऊ, लहानी. कोणती, ते कोणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. ज्योती ही लहानीची मुलगी, म्हणून मुलीच्या रक्तावरून आई ठरवायची होती. पण ज्योतीचं रक्त लहानीशी जुळणार नव्हतं. ते माझ्याशी जुळलं असतं. तिला मी जन्म दिला आणि सव्वा महिन्याची असताना लहानीच्या ओटीत घातली. मी गप्प बसले असते तर दोघींपैकी एकही ज्योतीची माय नाही असं निघालं असतं, आणि लहानीला बेवारस म्हणून जाळलं असतं.

“काऊन?” ज्योतीनं विचारलं.

लहानीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे थोरल्या जावेला मोठी आणि धाकटीला लहानी म्हणतात, आणि ती लग्न होऊन आली तेव्हापासून साऱ्या गावाचीच लहानी झाली. तोंडानं फाटकी होती. पाहुणा असो की पाटील, जे मनात ते तोंडात. तिच्या तोंडाला सगळे भीत. मीही भीत होते, पण तिला कधी कळू दिलं नाही.

तिच्या बोटांवर रेघा नव्हत्या. माहेरी चिचगडला लहानपणापासून बिड्या वळल्या, इकडे आल्यावरही वळल्या, पावसाळ्यात धानाची रोपं रोवणे, एरवी राखेनं भांडी घासणे. बोटांची टोकं गुळगुळीत झाली, नदीतल्या गोट्यासारखी. रेशनच्या दुकानात मशीन आली तेव्हा तिचा अंगठा लागेना. दुकानदार म्हणे, पुसून लावा, पाणी लावून लावा, दुसरं बोट लावा. दहाही बोटं झाली. मग ती ओरडली, “आता का तोंड लावू? थोबाड त ओळखतेस ना माहं!” मागची रांग हसली. घरी येताना मला म्हणाली, “बाई, माह्या रेघा बिडीत गेल्या. कोन्या सेठनं ओढून धूर करून टाकल्या असतील.” ती मला बाई म्हणायची. भांडतानासुद्धा बाईच म्हणायची.

तिला मूल झालं नाही. मला तीन झाली, दोन पोरं आणि मग ज्योती. सासू म्हणाली, ही तिला दे. मी दिली. आता लोक म्हणतात, काळजावर दगड ठेवला असेल. दगड वगैरे काही ठेवला नाही. माझ्या अंगात ताप होता, दूध आटलं होतं, आणि पोर रात्रंदिवस लहानीच्याच खांद्यावर असायची. सासूनं तांदळानं तिची ओटी भरली, त्या तांदळावरच पोर ठेवली. लहानीनं पदर गच्च धरला आणि म्हणाली, “बाई, आता मांगशील त मी देत नाही. आत्ताच सांगून राहिली.” मी म्हटलं, “मांगत नाही.” मी मागितली नाही.

चुली वेगळ्या झाल्या तरी अंगण एकच राहिलं. अंबाडीची भाजी तिच्याकडून इकडे यायची, लाखोरीची डाळ माझ्याकडून तिकडे जायची, आणि वाटी परत करायची राहिली की भांडण. ज्योती दोन्ही घरात जेवायची. पण एक गोष्ट लहानीला खपत नसे. कधी मी ज्योतीची वेणी घालून दिली, की लहानी तिला उंबऱ्यात बसवून ती वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची. बोलायची काही नाही. माझी वेणी चांगली असायची. तिची वाकडीच व्हायची, कारण गुळगुळीत बोटांत केस ठरत नसत. पोरगी वाकडी वेणी घालून शाळेत जायची.

ज्योती चौथी-पाचवीत असेल, तेव्हाची गोष्ट. बोरिंगवर पाणी भरताना एक बाई तिला म्हणाली, “तुही खरी माय त मोठी होय.” पोरीनं घरी येऊन ते सांगितलं. लहानी चुलीवरची भाकर तशीच सोडून निघाली. त्या बाईच्या दारात खराटा घेऊन उभी राहिली आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलली नाही. शिव्या अशा दिल्या की पुरुष माणसं रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यानं गेली. शेवटी म्हणाली, “माही पोरगी माह्या पोटातली होय. ज्याले शंका असेल त्यानं यावं, पोट फाडून दाखवतो.” मी आमच्या दारात उभी राहून ऐकत होते. त्यानंतर गावात कोणी ब्र काढला नाही. जुनी माणसं एकेक करून गेली, नव्या सुनांना माहीत नव्हतं. आमचे दोघींचे नवरेही गेले. ज्योतीचं लग्न अर्जुनी मोरगावला झालं. तिला त्या दिवसाचं काय कळलं, काय आठवत होतं, ते मी विचारलं नाही. लहानी सांगेल असं मला वाटायचं. लहानीला वाटत असेल, कशाला सांगायचं.

सुपारी-तंबाखूचा खर्रा तिचा सुटला नाही. जेवण नसलं तरी चाले, खर्रा पाहिजे. थुंकायला सोपं पडावं म्हणून शेतावर जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती नेहमी मागं बसायची, फळीला टेकून. मला मागं बसलं की मळमळतं, म्हणून मी पुढं. रोवण्याच्या दिवसांत रोज अशाच बसायचो. ती मागून ओरडायची, “बाई, पुढं बसून का लगीन लावून राहिली का डायवरसंगं?” आणि साऱ्या बायका हसायच्या. या वयात कशाला येता रोवायला, असं माझी पोरं म्हणायची. लहानी त्यांना म्हणायची, “खाटेवर बसून मरू का?”

त्या सकाळी नाल्यावरच्या ठेंगण्या रपट्यावरून पाणी जात होतं. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी उभी केली. पण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आदल्या दिवशीच उपटून, जुड्या बांधून शेताच्या बांधीत टाकले होते. उपटलेले पऱ्हे थांबत नाहीत, सडतात, आणि मग ते शेत त्या वर्षी गेलंच समजायचं. धान करणाऱ्या माणसाला पाणी दिसत नाही, पऱ्हे दिसतात. लहानी मागून म्हणाली, “चाल ना बे, गुडघाभर त आहे.” बाकीच्याही म्हणाल्या, चाल. मीही म्हटलं. ट्रॅक्टर निघाला. मधोमध गेल्यावर ट्रॉलीचं मागचं तोंड पाण्यानं फिरवलं. मागच्या बायका आधी गेल्या. मी पुढचा दांडा धरला होता, तो सुटला तेव्हा काठच्या बेशरमाच्या झुडपात अडकले. कोणाची हाक आली नाही. पाण्याचा आवाज फार होता.

बाकीच्या त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सापडल्या. लहानी आणि छत्तीसगडकडून कामाला आलेली एक बाई, या दोघी खूप खाली, उशिरा सापडल्या. दोघी एकाच बांध्याच्या, पिकल्या केसांच्या. लुगड्यावरून ओळखा, पोलीस म्हणाले. मागच्या साली रोवणा सरल्यावर मालकानं साऱ्या टोळीला एकाच गठ्ठ्यातली लुगडी दिली होती, निळी, पिवळ्या काठाची. दोघींच्या अंगावर तीच. माझ्या अंगावरही तीच होती. चेहरा पाहा म्हणाले. पाहिला. पाण्यात इतके दिवस राहिलेला चेहरा कोणाचाच नसतो.

मग ती ताई आली, हातमोजे घातलेली. नागपूरकडची असावी, हिंदीत बोलायची. म्हणाली, “माँजी, दोनों लेना पड़ता है. उंगलियों के निशान भी, डीएनए भी. एक से नहीं हुआ तो दूसरे से.” तिनं आत जाऊन दोघींच्या बोटांना शाई लावली, कागदावर टेकवली. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. कागदावर नुसते काळे डाग उठले. दुसरीच्याही बोटांवर काही नव्हतं. मला आधी वाटलं होतं की जिची बोटं कोरी तीच आमची. पण आमच्याकडे काम करणाऱ्या कोणत्या बाईच्या बोटांवर काय राहतं? वर पाण्यानं उरलंसुरलं नेलं. ताई बाहेर येऊन म्हणाली, निशान नहीं मिल रहे, अब खून से ही होगा, बेटी कौन है? ज्योती म्हणाली, मी. आणि तिनं बोट पुढं केलं.

तिनं “काऊन?” विचारलं तेव्हा व्हरांड्यात एक पोलीस होता, ज्योतीचा नवरा होता, ती ताई होती. लहानी असती तर खराटा घेऊन माझ्यावर धावली असती. पण ती आत होती आणि तिला घरी न्यायचं होतं.

मी म्हटलं, “तुहं रक्त तिच्याशी जुळणार नाही. तुले मी जन्म देला. तिच्या ओटीत घातली.”

जावई माझ्याकडे बघत राहिला. पोलिसानं मान खाली घातली. ताईला मराठी बरीच समजत असावी, तिनं सुई बाजूला ठेवली. ज्योती आपल्या बोटाकडे बघत होती. मग तिनं हात पदरात घेतला आणि ताईला विचारलं, “मायचा भाऊ आहे चिचगडले. सख्खा. त्याचं चालते का?”

“चलेगा,” ताई म्हणाली.

“मग मामाले फोन लावा जी,” ती नवऱ्याला म्हणाली. “मायले लवकर घरी न्यायचं आहे.”

माय म्हणजे लहानी. मला समजलं. दुसरं काही समजायचं नव्हतं.

दुपारनंतर लहानीचा भाऊ मोटारसायकलवर आला. सत्तरीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. सुई बघून म्हणाला, “लय रगत काढता का? मी सकाळपासून जेवलो नाही.” तोंड बहिणीसारखंच. बोट टोचलं, थेंब कागदावर घेतले, त्याला कापूस दिला. तो कापूस धरून भिंतीला टेकून बसला, आणि मग रडायला लागला. आमच्यापैकी रडला तो एकटाच. मी आणि ज्योती बाकावर बसलो होतो. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. मी सरकले नाही, तीही सरकली नाही.

निकाल यायला दिवस लागले. आला तेव्हा दारापासून दुसरी जी होती, ती लहानी निघाली. चेहरे दाखवले तेव्हा मी अंदाजानं पहिलीकडे बोट दाखवलं होतं. माझं ऐकलं असतं तर आम्ही परक्या बाईला अग्नी दिला असता आणि लहानी तिथंच राहिली असती.

अग्नी ज्योतीनं दिला. गावातला एक म्हातारा कुरकुरला, पोरगी कायले, मोठीचे पोरं आहेत ना. ज्योती म्हणाली, “माय कोनाची होती?” म्हातारा बाजूला झाला. आवाज लहानीचाच, फक्त जरा हळू.

दहाव्याला ती माझ्याकडे राहिली. माझ्या हाताला बेशरमाच्या फांद्यांनी चिरलेलं अजून भरलं नव्हतं, वेणी घालता येत नव्हती. तिनं मला उंबऱ्यात बसवलं, केस विंचरले, वेणी घातली. मी हात मागं नेऊन पाहिलं. वाकडी होती. तिच्या बोटांवर रेघा आहेत, तिला सरळ घालता येते.

“दुखते का हात, मोठीमाय?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

मी ती वेणी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी ती अर्जुनीला गेली. ती आठवड्यातून एकदा फोन करते, जेवली का विचारते. मला अजून मोठीमायच म्हणते. तिची माय नाल्यात गेली. त्या ट्रॉलीवरचे वाचलो ते आम्ही दोघं, ट्रॅक्टरवाला आणि मी.