दहापैकी नऊ

मागून टेम्पो धडकला तेव्हा आमची गाडी विद्यापीठाच्या चौकात सिग्नलला मुकाट उभी होती. आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली चारचाकी. डॅशबोर्डवरचा गणपती जागचा हलला नाही, माझी मान मात्र पुढे जाऊन मागे आली. खाली उतरून "काही झालं नाही हो," असा धीर मीच टेम्पोवाल्याला दिला. पुण्यात राहून मी हे कसं केलं, ते हिला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मानेत आणि पाठीत पहार घातल्यासारखं झालं. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात म्हणाले, "वा! हल्ली कुणाला मान द्यायची नाही असं ठरवलंत वाटतं." हसलो तर खांद्यातून कळ गेली.

पण माझी खरी भीती मानेत नव्हती, डाव्या करंगळीत होती. सकाळी उठल्यावर ती माझी नसायचीच, शेजारी कुणाची तरी ठेवल्यासारखी पडलेली असायची. मी शनिवार पेठेतल्या क्लासात दहा बोटांनी टायपिंग शिकलेला माणूस. हिंजवडीच्या कंपनीत, माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांमध्ये, त्या एका विद्येवर टिकून होतो. इंग्रजी 'ए' हे अक्षर डाव्या करंगळीचं. तेच उमटेना. ईमेलमधून 'ए' गळायला लागले. पोरांना वाटलं, मीही त्यांच्यासारखं आखूड लिहायला लागलो. "सर, एकदम कूल!" एकजण म्हणाला. मी आतून गार पडलो होतोच.

कुणाला बोललो नाही. कारण डबा खाताना एका सहकाऱ्यानं त्याच्या मेहुण्याची गोष्ट सांगितली होती. आधी करंगळी बधिर झाली, मग मानेचं ऑपरेशन, आणि आता त्याला चमच्यानं भरवावं लागतं. माझा घास तसाच राहिला. तेव्हापासून माझा डावा हात खिशात.

रोज संध्याकाळी फिजिओथेरपीला जायचो. ही सोबत असायचीच. तिथली मुलगी अमरावतीकडची, हसरी. "या काका. आज कसं? दहापैकी किती?" पहिल्या दिवशी मी विव्हळत "दोन" म्हणालो, तर तिचा चेहरा खुलला. मला जरा विचित्रच वाटलं. पुढे शेक, मान ताणायचं यंत्र, व्यायाम. थोडं बरं वाटायला लागलं तसे मी गुण वाढवत गेलो. चार. सहा. ती मात्र गप्प गप्प होत गेली. एके दिवशी मी मोठ्या मनानं "नऊ!" म्हणालो, तर तिनं शेकाची पिशवी खाली ठेवली आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला.

बरं वाटतंय म्हणणाऱ्या माणसाचा एमआरआय! म्हणजे यांना काहीतरी कळलंय आणि मला सांगत नाहीत. मेहुण्याचा चमचा डोळ्यांसमोरून हलेना.

त्या नळीत कुणीतरी डोक्याशी पत्रे ठोकत होतं. मी मांडीवर करंगळी आपटत राहिलो. ए, ए, ए. "काका, बोट हलवू नका," स्पीकरमधून आवाज आला. म्हणजे हलत तरी होतं. दिवसभरातला तेवढाच आनंद.

रिपोर्ट घेऊन पुन्हा त्या मुलीकडे गेलो. "मणक्यातली चकती सरकली, काका. नस दबून राहिली. म्हणूनच दुखणं दोनावरून नऊवर गेलं ना?"

"दुखणं? अगं, नऊ म्हणजे बरं! आमच्या शाळेत नऊ मिळाले की घरी पेढे आणायचे!"

"अरे बाप्पा!" ती स्टुलावर बसलीच. "काका, दहा म्हणजे असह्य! शून्यावर यायचं असतं."

"म्हणजे नापास व्हायचं होतं," ही म्हणाली. "त्याची यांना सवय आहे."

आम्ही तिघं हसलो. सुटलो, असं मला वाटलं.

"पण करंगळीला मुंग्या वगैरे नाही ना येत?" मुलीनं रिपोर्टमधून मान वर न करता विचारलं.

"छे."

"अहो," ही म्हणाली. "काल कप पडला तेव्हा हाताला साबण होता म्हणालात. महिनाभर खिशात ठेवलेल्या हाताला साबण कुठून लागतो? काढा तो बा..." टोमणा मध्येच तुटला. तिचा आवाज असा तुटलेला मी क्वचितच ऐकलाय.

मी हात बाहेर काढला.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा," मुलगी म्हणाली.

मिटले. वाट पाहिली. बराच वेळ गेला.

"टोचा की," मी म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली, "मी टोचूनच राहिले ना, काका."

डॉक्टर म्हणाले, सध्या ऑपरेशन नको, व्यायाम करा. आणि वेळेवर कळलं हे बरं झालं. म्हणजे माझ्या नऊ गुणांनीच मला वाचवलं. पण 'सध्या' हा शब्द मी घरी घेऊन आलो, तो अजून घरातच आहे. पट्टा सुटला, पाठ बरीच निवळली, ईमेलमध्ये 'ए' परत आले. तरी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी गादीवर करंगळी आपटतो. पलीकडून ही विचारते, "आला का ए?"

"आठ," मी म्हणतो.

"कुणाचे आठ? शाळेचे की त्या मुलीचे?"

आणि उत्तर द्यायच्या आधी मी पुन्हा एकदा आपटून बघतो.