संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीचा चंद्र

"मॅडम, हा धडा असा चालायचा नाय," नाना म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

खराडीतल्या आमच्या कंपनीत शाळांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ तयार होतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी तिथे रिव्ह्यूअर झाले. चुका शोधायच्या आणि सगळं बरोबर असलं की व्हिडिओ 'लॉक' करायचा. लॉक झालेला व्हिडिओ थेट वर्गात जातो. नाना हे क्लायंट. त्यांचं गाव शहरात आलं, तेव्हा जमीन बिल्डरला न देता त्यांनी तिच्यावर शाळा काढली. मला त्यांच्याबद्दल आदर होता. त्या सकाळी तो पणाला लागला.

चंद्राच्या कलांच्या धड्यात त्यांना मोबाईलवर पाहिलेल्या, पृथ्वी चपटी आहे म्हणणाऱ्यांचंही म्हणणं हवं होतं. चंद्राला स्वतःचाच उजेड आहे आणि तो आपोआप कमीजास्त होतो, असं.

"दोन्ही बाजू दाखवा की. पोरं ठरवतील."

"बाजू वादाला असतात, नाना. पाढ्यांना नसतात."

आमचा मॅनेजर समीर कानाशी कुजबुजला, "मॅडम, प्लीज. ही शाळा गेली तर अख्खा प्रोजेक्ट बंद होईल." पण असला धडा मी लॉक करणार नव्हते. मग प्रोजेक्टबरोबर मीही घरी बसले असते.

"तुम्हाला हे पटलं कशावरून?" मी विचारलं.

नानांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तुमचा व्हिडिओ म्हणतोय, पृथ्वीची सावली पडून चंद्र लहान होतो. आता बघा. तिकडं चंद्र, मागच्या बाजूला सूर्य, दोघंबी वर हायत. मधी पृथ्वी आलीच कुठं?"

मी व्हिडिओ लावला. खरंच सावली होती. मी तपासलेल्या स्क्रिप्टमध्ये ती नव्हती. ॲनिमेशनवाल्यांनी आपल्या मनाने घातली होती. माझा राग उतरला. नानांची शंका शंभर नंबरी होती, उत्तर तेवढं भलतं होतं.

"सावली चूक आहे. ती फक्त ग्रहणात पडते," मी म्हटलं. "पण मला सांगा, काल संकष्टी सोडलीत कधी?"

"नऊ वाजून गेले. भुकेनं जीव चालला होता."

"दर संकष्टीला रात्रीच का? उजेड चंद्राचा स्वतःचा असता, तर त्याच्या आकाराचा सूर्याशी संबंधच राहिला नसता आणि चतुर्थीचा एवढाच चंद्र कधी तरी दुपारीही उगवला असता. तुमचे हाल वाचले असते."

मी रिक्रिएशन रूममधून टेबल टेनिसचा पांढरा चेंडू उचलला आणि त्यांना गच्चीवर नेलं. पश्चिमेला कडेला झिजलेला चंद्र होता, पाठीमागून ऊन येत होतं.

"हा चंद्राच्या शेजारी दिसेल असा हात लांब करून धरा."

त्यांनी धरला. उन्हात चेंडूचा जेवढा भाग उजळला होता, तेवढाच चंद्राचा. चेंडूही कडेला तसाच झिजलेला दिसत होता.

"ह्याला तर स्वतःचा उजेड नाय," नाना हळूच म्हणाले. बराच वेळ त्यांनी हात खाली घेतला नाही.

व्हिडिओतून सावली निघाली. चपटी पृथ्वी नानांनीच काढायला लावली. धडा आता त्यांच्या प्रश्नाने सुरू होतो, आणि तो लॉक करताना मला फार बरं वाटलं. चेंडू ते शाळेत दाखवायला घेऊन गेले. टेबल टेनिसवाले अजून माझ्याकडे मागतात.

चपटी पृथ्वी विकणारे मोबाईलवर बसलेत, हे खरं. पण त्यांच्याकडे गिऱ्हाईक बहुतेक वेळा आपणच पाठवतो, हातात एक चुकीचं उत्तर देऊन.